चढावरचं शेवटचं घर

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो. हे पत्र तुझ्याआधी उघडणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांबरोबरही असो. मागच्या पत्राची घडी माझ्या हातची नव्हती, असं तू लिहिलंस. वाचू देत त्यांना. आपल्या घरात लपवण्यासारखं काही नाही.

तुझ्या वहिनीने तुझी हत्यारांची पेटी उघडली आणि पकडी, टेस्टर, सगळं पुसून तेल लावून ठेवलं. गंज चढला तर आल्या आल्या माझ्या नावाने शंख करील, म्हणते. बाहेरच्या खोलीतला पंखा तू लावलास तसाच फिरतोय. त्याच्याकडे पाहिलं की ती संध्याकाळ आठवते. तिकडे कापडाचं गोदाम जळत होतं आणि इकडे तू स्टुलावर उभा होतास, मी स्टूल धरलं होतं. पण घरच्यांच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतो? टेलरमास्तर उभे राहिले, म्हणाले, मी याला गोदामातून बाहेर पडताना पाहिलं, तोंड पाहिलं. झालं. वकील म्हणतात, ती एक साक्ष हलली तरच अपिलात काही होईल.

माझं काम चालू आहे. सकाळी टाकी भरली की व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतो, एकेका गल्लीच्या कोपऱ्यावरचं लोखंडी झाकण उचलतो आणि पाणी सोडतो. चढावरच्या गल्लीत मात्र हल्ली तक्रार आहे. शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचत नाही. शेवटचं घर म्हणजे टेलरमास्तरांचं. त्यांच्या खालच्या घरात नर्सबाईंच्या नळाला चांगलं येतं आणि मास्तरांच्या नळाला थेंब नाही. दाब कमी पडतो. चढ आहे ना.

तब्येत जप. जेवणावर राग काढू नकोस.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

मला इथे सुतारकामाला लावलंय. वायरमनला वायरीपासून लांब ठेवावं, असं यांचं धोरण असावं. रंधा मारून मारून हाताला घट्टे पडलेत. वहिनीला सांग, पेटीला तेल लावलंस तसं मलाही लागेल.

मास्तरांच्या नळाला पाणी नाही हे वाचलं त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. शेजारच्याने विचारलं, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी.

पण दादा, त्या गल्लीत मी वायरी ओढल्यात. चढ आहे, कबूल. तो काय या वर्षी झाला? इतकी वर्षं मास्तर सकाळी दारात उभे राहून नळीने कुंड्यांना पाणी घालायचे. मी खांबावरून पाहिलंय. आणि तू खोटं बोलायला लागलास की शेवटी 'ना' लावतोस, लहानपणापासून. आईसुद्धा त्यावरूनच पकडायची तुला.

खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. उलट.

तू मला नेहमी सांगायचास की न्याय देवाने करायचा असतो, आपण नाही. मी इथे छताकडे बघून त्याला रोज विचारायचो, कधी? आता वाटतं, त्याने ऐकलं असावं.

धाकटा


२ मार्च

प्रिय धाकट्या,

आईनंतर तूच पकडलंस. दाब पुरेसा आहे. मीच चावी पुरी फिरवत नाही, जरा अलीकडे थांबतो. खालच्या कुणाला कळत नाही. त्यांचे नळ किंचित बारीक वाहतात, एवढंच. पण वर टोकाला एक घर कोरडं राहतं. इतकं नेमकं, की त्या एकाच घरावर कुणी बोट ठेवलं असावं असं वाटतं.

तुला भेटून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सुरू झालं. जाळीपलीकडे तू हसत होतास आणि तुझा समोरचा दात नव्हता. पडलो, म्हणालास. सकाळी त्या कोपऱ्यावर चावी फिरवताना माझा हात मध्येच थांबला. मी थांबवला असं म्हणत नाही. पण पुढे ढकललाही नाही.

घरी संध्याकाळी शास्त्र वाचायला बसतो. वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय तिथपर्यंत आलो की मी घसा खाकरतो आणि पान उलटतो. तुझी वहिनी बोलत काही नाही, चष्म्यावरून बघते.

टाकीवर चढलं की सगळ्यांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दिसतात. मास्तरांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. त्यांच्या गच्चीत रोज दोन-तीन चादरी वाळत असायच्या. हल्ली दोरी रिकामी असते. मी तिकडे पाठ करून काम उरकतो.

आता बुधवारी काय झालं ते सांगतो. प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला काही विनंती करायची आहे का? मास्तर उठले. म्हणाले, "शास्त्रात ती लोकरीची गोष्ट आहे. आजूबाजूची सगळी जमीन ओली आणि लोकर तेवढी कोरडी. माझ्या घराचं तसं झालंय. पाइप उकरून पाहिला, स्वच्छ आहे. देवाने माझं पाणी तोडलं. का तोडलं, ते मला ठाऊक आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा." आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "मास्तर, अहो पाण्यासाठी कसलं प्रायश्चित्त? माझ्याकडून दोन बादल्या न्या की."

तर मास्तर म्हणतात, "देवाने बंद केलेलं पाणी तुमच्या बादलीतून चोरून कसं नेऊ, बाई?"

ते रोज गल्ली उतरून पार बाजारातल्या नळापर्यंत जातात. गुडघा दुखरा आहे. कॅन या हातातून त्या हातात घेत, थांबत थांबत चढ चढतात.

धाकट्या, मी घरी आलो आणि बराच वेळ माझ्या तळहाताकडे बघत बसलो. या हाताला एक माणूस देवाचा हात समजतोय.

दादा


११ मार्च

दादा,

चावीला हात लावू नकोस. जिथे आहे तिथेच ठेव.

तुला कळतंय का काय चाललंय? तो माणूस बोलणार आहे. 'का तोडलं ते मला ठाऊक आहे' असं तो चारचौघांत म्हणाला. आणखी थोडे दिवस त्याला कॅन उचलू दे. वकिलांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे तो तोंड उघडेल तेव्हा कागद-पेन तयार असेल.

आणि हाताचं काय घेऊन बसलास? देवाला काही करायचं तर कुणाचा तरी हात लागतोच. पूर्वी राजांचे वापरले, आता चावीवाल्याचा. खोटं तू बोललेला नाहीस, समज त्याचा आहे. तू फक्त गप्प बस. तुला ते चांगलं जमतं, वहिनी नेहमी तक्रार करते त्याची.

त्या दाताचं सांगतो. मी पडलो नव्हतो. इथे आग लावणाऱ्याला कुणी जवळ करत नाही. माणसं झोपेत जळतात ना तसल्या आगीत, म्हणून. माझ्या बाजूच्या खाटेवर जो आहे त्याचा भाऊ तसा गेला. मी त्याला सांगितलं, मी लावली नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

तू चावी पुरी फिरवलीस, तर ती माझ्यावर फिरवलीस असं मी समजेन. हे रागाने लिहीत नाही. विचार करून लिहितोय.

धाकटा


२९ मार्च

प्रिय धाकट्या,

हे पत्र सावकाश वाच. मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत ये.

तू लिहिलंस तसा मी थांबलो होतो. वकिलांनाही सांगून ठेवलं. काल सकाळी टाकीखालच्या खोलीत निघायची तयारी करत होतो, तर दारात मास्तर. हातात रिकामा कॅन, गुडघ्याला पट्टा. निकालानंतर आम्ही एकमेकांसमोर प्रथमच उभे होतो.

"बसा," मी म्हटलं.

"बसलो तर उठवायला तूच लागशील. उभाच बरा." मग ते एका दमात बोलले. "मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पाठ पाहिली. शर्ट पाहिला. तो मी शिवलेला शर्ट, माझी शिलाई मी लांबून ओळखतो. तुझ्या भावाचा शर्ट. कोर्टात विचारलं, तोंड पाहिलं का? मी म्हटलं, पाहिलं. मला वाटलं, शर्ट ओळखला म्हणजे माणूस ओळखला. निकाल लागला, आणि नंतर एकदा दुकान आवरताना आठवलं, त्याच कापडाच्या थानातून मी आणखी एक शर्ट शिवला होता. कुणाला दिला ते आजही आठवत नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"खोट्या साक्षीला शिक्षा असते. मी आत गेलो तर आईचं कोण करणार? तिला कूस बदलायलासुद्धा माणूस लागतो."

मग त्यांनी कॅन खाली ठेवला आणि विचारलं, "आता सांगतो. कोर्टात सांगतो. सांगितलं की देव पाणी सोडेल ना? तुझी ऊठबस आहे त्याच्याकडे, म्हणून तुला विचारतो."

हे त्यांनी मला विचारलं, धाकट्या. चावी माझ्या मागे भिंतीला टेकून उभी होती.

'हो, सोडेल' एवढंच म्हणायचं होतं. तू घरी आला असतास. शब्द ओठांपर्यंत आले, हे तुझ्यापासून लपवत नाही. तेवढ्यात मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते कापत होते, आणि ती भीती देवाची नव्हती. माझी होती. ते ज्या देवापुढे उभे होते त्याला माझं तोंड होतं. डूख धरणारा, चावी अलीकडे थांबवणारा, म्हाताऱ्या बाईच्या चादरी दिसत नाहीत हे बघून पाठ फिरवणारा देव. त्याचं असलं तोंड मी करून ठेवलं होतं. मास्तरांनी एका माणसाचं तोंड न पाहता पाहिलं म्हणून सांगितलं. मी कुणाचं तोंड दाखवलं, सांग.

"मास्तर," मी म्हटलं, "देव नाही. मी आहे. चावी मी पुरी फिरवत नव्हतो."

त्यांना ते कळलंच नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग मी चावी उचलली आणि चालायला लागलो. ते मागून लंगडत आले. कोपऱ्यावरचं झाकण काढलं, चावी लावली आणि फिरवत गेलो. नेहमीच्या जागी हात अडला. सवय झाली होती. तिथून पुढे ढकलायला मला दोन्ही हात लागले.

पायाखाली पाइप घुमायला लागला. तो आवाज मी रोज ऐकतो, काल मात्र अंगावर काटा आला. पाणी चढ चढत होतं. आम्ही दोघं त्याच्या मागून. वर पोचलो तर मास्तरांचा नळ आधी नुसता वारा सोडत होता, मग खोकला, मग गढूळ आलं, मग निवळ. मास्तरांनी हात खाली धरला आणि तसाच धरून ठेवला. आतून म्हातारीने विचारलं, "कोण आलंय रे?"

"पाणी," ते म्हणाले.

मी तिथून टाकीकडे पाहिलं. धाकट्या, कसं लिहू तुला? इतकी वर्षं मी तिच्यावर चढतो-उतरतो. ती भरते आणि रिती होते, पुन्हा भरते. खाली कोण कसा आहे हे विचारत नाही. मला वाटलं, मी आयुष्यभर असल्याच एका नळाखाली भांडं धरून बसलोय, आणि गेले काही महिने मी जे करत होतो ते बघूनही वरच्याने माझी चावी तसूभर कमी केली नाही. रोज सकाळी श्वास येत होता, सूर्य येत होता, तुझी वहिनी समोर चष्मा लावून बसत होती. न्यायाची मला भीती वाटत आली आहे. पण या दयेपुढे मी तिथेच त्यांच्या पायरीवर बसलो.

मास्तर आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. चावी माझ्याकडून काढून घेतली. आता मी टाक्या धुण्याच्या कामावर आहे. वकिलांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, भीती गेली, आता तो माणूस कशाला बोलतोय, तुम्ही स्वतःच्या भावाला बुडवलंत. खरं असेल ते. तुझा घरी यायचा रस्ता मी स्वतःच्या हाताने लांबवला. माफ कर, असं लिहायची हिंमत नाही.

दादा


१४ मे

प्रिय धाकट्या,

तीन पत्रांना उत्तर नाही. भेटीला आलो तर आतून निरोप आला की तुला यायचं नाही. वहिनीने आणलेला डबा पहारेकऱ्याने ठेवून घेतला. तुझ्यापर्यंत पोचला असेल असं धरून चालतो.

मी हल्ली टाकीच्या आत उतरून तळाचा गाळ खरवडतो. आत आपलंच खाकरणं चार वेळा ऐकू येतं. वर झाकणाच्या जागी आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो. तिथून मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो. मास्तरांसाठीही करतो, आता पान उलटत नाही. मी समोरून आलो की ते अजून दार लावून घेतात.

त्यांच्या दोरीवर चादरी असतात.

दादा


३० जून

दादा,

तुझी पत्रं मी उशीखाली ठेवली होती, वाचली नव्हती. वकिलांच्या निरोपावरून तू काय केलंस ते कळलं होतं, तेवढं पुरे होतं. तुझी पत्रं आधी वाचणारे ते साहेब, ज्यांना तू शांती पाठवली होतीस, कधी कुणाशी बोलत नाहीत. एक दिवस सुतारशाळेत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वाचत का नाहीस रे? गोष्ट अर्धीच वाचून सोडलीस तू. त्या शेवटच्या घराला पाणी आलंय." आणि निघून गेले.

मग वाचलं. सगळं ओळीने वाचलं. आणि एक अख्खी फळी रंध्याने कागदासारखी पातळ करून टाकली, तरी राग उतरला नाही. तुला खोटं कशाला सांगू?

काल मला भेटीला बोलावलं. तू असशील म्हणून नाही म्हणणार होतो. शिपाई म्हणाला, लंगडा म्हातारा आहे. म्हणून गेलो. त्याला काय काय बोलायचं ते माझं केव्हापासून पाठ होतं.

मास्तर जाळीपलीकडे बसले होते. आधी माझ्या अंगावरच्या शर्टाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा खांदा कुणी बसवला? बगलेत ओढतोय. आणि तू वाळलास. जुनं माप चालायचं नाही तुला."

मी म्हटलं, "मापं घ्यायला आलात?"

"नाही. परवा कोर्टात सांगून आलो. तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून. शर्टाचंही सांगितलं."

"पाणी आल्यावर सांगितलंत?"

"पाणी आल्यावर," ते म्हणाले. "आधी वाटलं, सुटलो. देव रागावलेलाच नव्हता, तो तर चावीवाला होता. मग बोलायचं कशाला? आईला रोज न्हाऊ घालायचो, मजेत होतो. पण तुझा भाऊ समोरून जायचा. एकदा अंगाला गाळ लागलेला होता. त्याने हातात आलेलं सोडून दिलं, आणि माझ्याकडे काही मागायलासुद्धा आला नाही. देव रागावला होता तोवर मला घासाघीस करता येत होती. मी बोलतो, तू पाणी सोड. आता पाणी आधीच सोडलेलं. आता कुणाशी घासाघीस करू?"

दादा, माझं पाठ केलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक.

वकील आज सकाळी येऊन गेले. म्हणतात, अपील आता उभं राहील, बहुतेक मी सुटेन. मास्तरांवर खोट्या साक्षीचा खटला होईल, आपण जोर लावला तर त्यांना आत बसवता येईल. तुझी इच्छा काय, असं विचारलं. मी म्हटलं, जोर लावायचा नाही. ते म्हणाले, तरी ते आत जाऊ शकतात. ते आता कुणाच्याच हातात नाही.

पण तुला सांगायचं आहे ते कालचं. उठायच्या आधी मी मास्तरांना विचारलं, "तुम्ही आत आलात तर आईचं कोण करणार?"

त्यांनी गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "बघू," म्हणाले.

आणि मग जाळीपाशी कुणीतरी म्हणालं, "मी करीन. पाणी मी भरीन, चादरी धुईन. नर्सबाई दाखवतील कसं करायचं ते. तुम्ही येईपर्यंत मी करीन."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी मागे वळून पाहिलं, दादा, हे कोण बोललं म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

वहिनीला सांग, पेटी फळीवरून खाली काढून ठेव.

धाकटा